पिठलं कोण आणणार?

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मला आठवा महिना लागला होता. डॉक्टरांनी विमान बंद केलं होतं, आणि तसंही फोन लागेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. सांता क्लारातल्या आमच्या त्या लख्ख स्वयंपाकघरात मी गेले आणि शेगडीवरचा अर्धा झालेला चहा उतरवून टाकला. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. लेकीला सुतक तीन दिवसांचं. आईसाठी माझ्या हातात एवढंच उरलं होतं, आणि ते मी करणारच होते.

"अगं, पोटात बाळ आहे, काहीतरी गरम खा," हे म्हणाले.

"खाईन. शेजारचं कुणी पिठलं-भात घेऊन आलं की खाईन."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईचं डोकं फिरलंय. पण मी उगाच बोलत नव्हते. मला अनुभव होता.

त्याआधी तीन वर्षं आम्ही अलाबामात होतो, एवढ्याशा गावात. यांचं कॉलेज आणि एक सूतगिरणी, संपलं गाव. तिथली माणसं म्हणजे नको इतकी माणसं. उठसूट दारात. चर्च कुठलं, मूल का नाही, कपाळावर ते लाल काय लावतेस! समोरच्या म्हातारीने तर मला दर रविवारी चर्चला न्यायचा विडाच उचलला होता. रुळांपलीकडच्या काळ्या लोकांबद्दल ती जे बोलायची त्यावरून एकदा मी तिच्याशी कडाकडा भांडले. दुसऱ्या दिवशी बाई पीचचा केक घेऊन हजर! मत तेच होतं, केक मात्र ताजा होता.

तिचा नवरा गेला त्या दिवशी अख्खी गल्ली तिच्या घरी लोटली. हॅम, बटाटे, थरथरणारी जेली, टेबलावर बोट ठेवायला जागा नाही. एवढं कशाला, असं मी एका बाईला विचारलं, तर ती मलाच म्हणाली, "मयताच्या घरी कधी कुणी स्वयंपाक करतं का, हनी?" अगं बाई, हे तर आपलंच! तशीच घरी पळाले, देशातून आणलेलं शेवटचं बेसन काढलं, पिठलं केलं, भात टाकला आणि नेऊन हॅमच्या शेजारी ठेवलं. म्हातारीला ते तिकडच्या ग्रिट्ससारखं, म्हणजे मक्याच्या शिजवलेल्या कण्यांसारखं वाटलं. मक्याच्या पावाबरोबर तिने चाटूनपुसून खाल्लं. डोळे पुसत म्हणाली, "तिखट आहे गं, पण बरं वाटलं."

पुढे यांना कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला नोकरी लागली आणि मी हुश्श केलं. तिथे कुणी काही विचारत नव्हतं. ज्याचं त्याचं अंगण, ज्याचं त्याचं कुंपण. पहिले काही महिने मला हे फार आवडलं, खोटं कशाला बोलू?

आई गेली त्या दिवशी मी दूध-पाव खाल्ला आणि दाराकडे कान लावून बसले. शेजारणीला यांनी कळवलं होतं. दुपारी बेल वाजली. जमेल तशी धावत गेले. दारात फुलवाला. शेजारणीने फुलं पाठवली होती, पलीकडच्या दारातून! बाई वाईट नव्हती हो. संध्याकाळी अंगणात दिसली तेव्हा तिचे डोळे भरून आले, छातीवर हात ठेवला आणि मला त्रास नको म्हणून ती दोन पावलं मागे सरली. तिच्या लेखी तीच माया होती.

ओळखीचं एक मराठी कुटुंब होतं, त्यांचा फोन आला. "तुला आता स्पेस हवी असेल ना? वीकेंडला येतो, यार. आधी फोन करूनच येऊ." कसली डोंबलाची स्पेस! तीन खोल्यांची स्पेस मला खायला उठली होती. हे दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेले, नव्या नोकरीत जावंच लागलं. मी पाव खात राहिले. इतकं एकटं मला अमेरिकेत उतरले त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातला फोन वाजला. अलाबामाची म्हातारी. यांनीच तिला कळवलं होतं. वाईट झालं वगैरे काही नाही, पहिला प्रश्न, "हनी, जेवण कुणी आणलं?"

"कुणीच नाही," म्हटलं आणि मला हुंदका फुटला.

मला रडू दिलं तिने. मग म्हणाली, "तुझं ते पिवळं कसं करतात, सांग."

"तुमच्याकडे बेसन कुठाय?"

"मक्याचं पीठ आहे. लसूण आहे. बोल तू."

मी सांगत गेले. तेल तापू द्या. लसूण लाल होऊ द्या. तिखट, मीठ, पाणी. उकळी आली की पीठ भुरभुरत टाका आणि हात थांबवू नका, गुठळ्या होतील. तिने रिसीव्हर ओट्यावर ठेवला असावा. लांबून चर्रर्र ऐकू आलं, मग पातेल्यात चमचा फिरल्याचा आवाज. मी डोळे मिटून ऐकत राहिले.

"झालं," ती म्हणाली. "मीठ कमी वाटतंय."

"घाला चिमूटभर."

"घातलं. आता तू जेव. मी बसलेय इथे."

मी पावाचा तुकडा मोडला. कोरडाच खाल्ला, फोन कानाला धरून, रडत रडत. पलीकडे ती जेवत होती आणि मधूनमधून विचारत होती, "खातेस ना?"

फोन ठेवला आणि घर पुन्हा गप्प झालं. संध्याकाळी हे आले. आधी शेगडीकडे पाहिलं, ती तशीच गार होती. भीत भीत विचारलं, "काही खाल्लंस का?"

"हो," मी म्हटलं. "पिठलं आलं होतं."