शिवणाच्या बाईंची मतपेटी

मतदानाचा धडा शिकवून झाला आणि त्याच तासाला मी वर्गाचा मॉनिटर स्वतःच नेमून टाकला. डॉक्टरांचा मुलगा, अक्षर छान. मिठागराकडच्या गावातून पनवेलला शिकायला येणारी एक मुलगी उठली. "सर, मला पन मॉनिटर व्हायचंय. आमी मत कधी द्यायचं?"

"अठरा वर्षांची झालीस की," मी म्हणालो.

फळीच्या भिंतीपलीकडे शिवणाच्या बाईंचा वर्ग. गळ्यात कायम टेप. दोरा दातानं तोडायच्या, बोलणंही तसंच. दुसऱ्या दिवशी त्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. झाकणाला फट पाडलेली.

"अहो बाई, नागरिकशास्त्राला मार्क किती असतात?"

"असतात तेवढ्यापुरतं तरी खरं शिकवा."

मतदान संपेपर्यंत त्या दारातून हलल्या नाहीत. मुलगी निवडून आली आणि तिनं लगेच खडूंचा खोका ताब्यात घेतला. बाई मात्र चिठ्ठ्या पुन्हा मोजत होत्या. हजर मुलांपेक्षा एक जास्त निघाली. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

डॉक्टरांच्या मुलाच्या नावाची एक चिठ्ठी त्यांनी माझ्यापुढे धरली.

"अक्षर तुमचं हाय, सर. अख्ख्या वर्गात बोगस मत टाकणारे तुमीच एक निघालात."