शिकवलं तसंच तिनं केलं

सोनाळ्याजवळच्या एका खेड्यातली एक आशाताई, म्हणजे गावची आरोग्यसेविका, माझ्या प्रशिक्षण वर्गाला यायची. घरी भाजीपाल्याचा मळा, शिक्षण जेमतेम. पूर्वी आशांकडे बाळंतपणं आणि लसीकरणाचं काम मुख्य असायचं. आता रक्तदाब, साखर, जुना खोकला, सगळंच घरोघरी जाऊन पाहायचं होतं, आणि ते शिकवणं माझं काम. पहिल्या दिवशी तिला रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टाही नीट बांधता येईना. तिसऱ्या दिवशी वर्गात तिच्याइतकं अचूक कुणी मोजत नव्हतं.

दोनेक महिन्यांनी तिच्या शेजारची सून डोकं दुखतं म्हणाली. आठवा महिना, पाय सुजलेले. ताईनं दोनदा मोजलं, दोन्ही वेळा आकडा फार वर. चिठ्ठी लिहून ती स्वतः तिला ऑटोतून आरोग्य केंद्रात घेऊन गेली. डॉक्टर बैठकीला गेले होते. तिथल्या माणसानं चिठ्ठी पाहिली आणि म्हणाला, "आशानं मोजलं का? उद्या या."

ताईनं तिथूनच मला तीनदा फोन लावला. मी मेहकरला दुसऱ्या वर्गात शिकवत होते. फोन आवाज बंद करून पर्समध्ये ठेवलेला. संध्याकाळी मी परत लावला, तेव्हा तिचा लागला नाही. सकाळी पाहू, असं मी म्हटलं.

सकाळी त्या सुनेला घरीच झटके आले. मोठ्या दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली. बाळही गेलं.

चौकशी झाली. ताईचं काही चुकलं नाही, असा शेरा पडला. पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले. ती वांगी तोडत होती. मला पाहून घरातून यंत्राची पिशवी आणली आणि माझ्या हातात दिली.

"मॅडम, तुम्ही शिकवलं तसंच केलं ना मी?"

"तसंच केलंस."

"मंग ते काऊन मेली?"

मी फोनचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, रागावली नाही. मग म्हणाली, "आता कोनाचे पाय सुजलेले दिसले का मले समजते. पन सांगू कोनाले? शिकली नसती तं बरं झालं असतं."

तिनं काम सोडलं. मी नाही सोडलं. पट्टा कुठं बांधायचा, आकडा कसा वाचायचा, हे अजून शिकवते. परवा एका नव्या मुलीनं विचारलं, "आन् दवाखान्यात कोनी नसलं तं?" मी पुढच्या पानाकडे वळले.