सी काकांचा, डी पप्पांचा

कॉम्प्युटरवर येणारे इंग्रजी मेसेज वाचून दाखवायचे, हे दुकानात माझं काम होतं. नारायणगावात बाजाराच्या रस्त्याला पप्पा आणि काका मिळून डीटीपीचं दुकान चालवायचे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, कुणाचे अर्ज, आणि हंगामात द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं. मराठी टायपिंगमध्ये दोघांचा हात बसलेला, पण पडद्यावर इंग्रजी चौकट उघडली की दोघेही माऊस सोडून द्यायचे. मी इंग्लिश मीडियमची. आधी शाळेतून आणि पुढे मंचरच्या कॉलेजातून घरी जाताना दुकानात थांबायचे, चौकट वाचायचे, मराठीत सांगायचे. गिऱ्हाइकांसमोर तोंड उघडायला मला संकोच वाटे. चौकटीतलं मात्र सांगता यायचं, कारण ते माझं बोलणं नसायचं.

“काय म्हणतंय गं मॅडम तुमचं इंग्रज?” काका विचारायचे. मला ते लहानपणापासून मॅडम म्हणायचे. मी ओशाळून हसायचे.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना पप्पा आणि काकांच्या डिंगोरे गावातल्या शेताची वाटणी झाली. वाटणीचं भांडण झालं नाही, बांधाचं झालं. पप्पांनी बांध कोरून जमीन आपल्याकडे ओढली, असं काकांना वाटलं. मोजणीत हद्दीचा दगड जिथे आला तिथेच नांगर वळवला, असं पप्पांचं म्हणणं. आवाज कुणी चढवला नाही. फक्त दोघांचं बोलणं हळूहळू आटत गेलं. दुकानात शेजारी शेजारी बसून ते गिऱ्हाइकाच्या मार्फत बोलायला लागले. “पावणं, कात्री तिकडंय का बघा जरा,” असं पप्पा म्हणायचे, आणि काका कात्री गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, गंमत चाललीय.

घरी आईने एकदा सांगून पाहिलं, की आता दुकानही वेगळं करा, रोजची धुसफूस नको. पप्पांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले की शेत वाटलं ते वाटलं, पण दुकान एक राहिलं पाहिजे. दुकान गेलं तर त्याचं तोंड दिसायचं कुठं? ते एवढं कधी बोलत नसत, म्हणून मला ते आठवतं.

त्या दिवाळीनंतर दोघांत मिळून असलेलं कॉम्प्युटरचं मशीन अडायला लागलं. सी ड्राइव्ह भरला, असा मेसेज दर थोड्या वेळाने यायचा. मशीन जोडून देणाऱ्याने फोनवर सांगितलं की डिस्कचं पार्टिशन केलेलंच आहे, डी रिकामा पडलाय, एकाचा यूजर फोल्डर तिकडे हलवा. मी तसं दुकानात सांगितलं. दोघांचे वेगवेगळे फोल्डर होते, दोन्ही सीवर.

“पार्टिशन म्हंजी?” काकांनी मला विचारलं.

मला पटकन दुसरा शब्द सुचला नाही. मी म्हणाले, वाटणी.

दुकानात दोन-तीन माणसं होती. काका हसले. “मग करूनच टाका की. सी माझा, डी दादाचा. मशीनलाबी तलाठी बसवू एक.”

सगळे हसले. पप्पाही हसले. बऱ्याच दिवसांनी दोघं एकाच गोष्टीवर हसत होते, म्हणून मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी पप्पांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की माझं सगळं डीमध्ये ने. सीमध्ये काही ठेवू नको. त्याला बोलायला जागा नको.

फोल्डर हलवायला एक दुपार गेली. त्यानंतरचे त्रास मात्र संपेनात. पप्पांच्या नावाने लॉगिन केलं की डेस्कटॉप कोराच यायचा. पत्रिकेची जुनी फाइल उघडली तर गणपतीच्या जागी नुसता करडा चौकोन. मराठी टाइप करायला गेलं की पप्पांनी स्वतः बसवलेली कीबोर्डची मांडणी गायब, आणि भलतीच अक्षरं उमटायची. पेट्यांच्या लेबलांवर पप्पांनी माऊसने काढलेला द्राक्षांचा घड होता, प्रत्येक बागायतदाराचा थोडा वेगळा. ती चित्रं डीवर जशीच्या तशी होती, पण प्रोग्रॅम ती सीवरच शोधत राहायचे. चौकटीत एकच वाक्य यायचं, आणि मी ते वाचून दाखवायचे: दिलेला रस्ता सापडत नाही.

मी एकेक दुरुस्त करत गेले. डेस्कटॉपचा पत्ता बदलला, कीबोर्ड पुन्हा बसवला. पण लेबलांच्या फाइली पुष्कळ होत्या आणि प्रत्येकीत चित्राचा जुना रस्ता लिहिलेला होता. द्राक्षांचा हंगाम तोंडावर आलेला. कॉलेजच्या लॅबमधल्या सरांनी एक युक्ती सांगितली. जुन्या जागी, सीवर, त्याच नावाचा एक पोकळ फोल्डर करायचा. त्यात खरं काहीच नसतं. तो फक्त नव्या जागेकडे बोट दाखवतो. प्रोग्रॅम जुन्या दाराने आत शिरतो, आणि पोचतो नव्या घरात. सरांनी एक गोष्ट बजावली, की तो फोल्डर साधा दिसला तरी साधा नाही. त्याला डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली, तर पलीकडचं खरंही पुसलं जातं.

मी तो फोल्डर केला. सगळी चित्रं परत आली. पप्पांनी एकामागून एक लेबलं उघडून पाहिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. सरांनी बजावलेलं मी त्यांना सांगितलं, आणि काकांनाही सांगायला हवं, असं म्हटलं. पप्पा म्हणाले, “मी सांगतो त्याला.”

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. दुकानात गर्दी होती, मशीन चालत होतं.

मग एका बाजाराच्या दिवशी मी कॉलेजातून आले, तर पप्पा मशीनसमोर बसले होते आणि पुढ्यात कुणी गिऱ्हाईक नव्हतं. डी उघडलेला होता. त्यात त्यांचा फोल्डर होता, आणि आत काहीच नव्हतं. काका दाराशी उभे होते. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त खुर्चीवरून उठले आणि मला बसायला जागा दिली.

मी सी उघडला. पोकळ फोल्डर तिथे नव्हता. रिसायकल बिन रिकामी होती.

काकांना मी एवढंच विचारलं, की सीवरचं काही काढलं का. ते सरळ हो म्हणाले. मशीन पुन्हा अडायला लागलं होतं, म्हणून त्यांनी सी साफ करायला घेतला. तिथे पप्पांच्या नावाचा फोल्डर दिसला, उघडला तर सगळं आत. म्हणून त्यांनी डी उघडून बघितला. तिथेही तेच सगळं, फाइलीला फाइल जुळवून पाहिली. “डीमध्ये हाय म्हटल्यावर हितं दुसरी कॉपी कशाला, असं वाटलं मला. आपल्या हिश्श्यातली तेवढी काढली. बिन रिकामी करायची तर माझी सवयच हाय.”

सीवर पप्पांचं नाव बघून काकांना शेताच्या बांधाची आठवण झाली असेल, हे मला कळत होतं. पण त्यांनी आधी पलीकडे पाहून घेतलं होतं, हेही मला कळत होतं. दुकानात आम्हा तिघांशिवाय कुणी नव्हतं, आणि नेमकं काय झालं हे समजावून सांगू शकेल अशी मी एकटीच होते. मी सांगितलं. ती कॉपी नव्हती, एकाच घराची दोन दारं होती, म्हणून दोन्हीकडे सारखंच दिसलं. चौकट वाचून दाखवावी तसं सांगितलं.

काकांचा चेहरा उतरला. ते पप्पांकडे वळले. कुणालाही मध्ये न घेता त्यांच्याशी बोलले, आणि मी ते किती महिन्यांनी ऐकत होते.

“दादा, मी डीला हात लावला न्हाई. आईची शपथ.”

“माहितेय मला,” पप्पा म्हणाले. “मीच सांगणार व्हतो तुला त्या फोल्डरचं. रोज हितं बसून एक वाक्य सांगायचं व्हतं. न्हाई सांगितलं गेलं.”

रस्त्यावर हमाल टोमॅटोचे क्रेट गाडीत चढवत होते, त्यांचा आवाज येत होता.

पुसलेलं परत मिळवायला डिस्क पुण्याला पाठवली. काही फाइली परत आल्या, पण नावं गेली होती, आणि लेबलांतली बरीचशी चित्रं अर्ध्यावर कापलेली. नातेवाइकांत मात्र गोष्ट वेगळीच फिरली. धाकट्याने थोरल्याचं सगळं पुसून टाकलं, मुद्दाम. आई हे सांगणाऱ्यांना थांबवायची नाही. मी तिला दोन-तीनदा पोकळ फोल्डरचं समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची की तुझं कॉम्प्युटरचं खरं असेल गं.

मला वाटलं होतं, एकदा तोंड उघडलंय तर आता दोघं बोलतील. काकांनी प्रयत्न केला. त्यांनी पप्पांचे पत्रिकांचे नमुने पुन्हा टाइप करायला घेतले, मला विचारून विचारून. पप्पा यायचे, बसायचे, त्यांना आभार मानता येत नसत आणि नको म्हणताही येत नसे. राग असता तर कदाचित सोपं गेलं असतं. आता राग नव्हता, आणि एवढं होऊनही बोलणं होत नाही, हे दोघांना दिसत होतं. महिना संपता संपता पप्पांनी आईला सांगितलं की घोडेगावात एका प्रेसमध्ये माणूस हवाय, सोमवारपासून जातो. दुकान धाकट्याकडे राहू दे, मशीनसकट. आईने विचारलं, का? ते म्हणाले, “तोंड दिसतं, तेच सोसवंना आता.”

सोमवारी मी आणि पप्पा बरोबरच निघालो, मंचरपर्यंत. जीप दुकानासमोरच भरायची. आम्ही मागच्या बाकावर बसलो. ड्रायव्हर अजून एका सीटसाठी थांबला होता, मंचर मंचर ओरडत होता. समोर काका आले, त्यांनी शटरचं कुलूप काढलं, आणि शटर वर ढकलता ढकलता त्यांना जीपमधले पप्पा दिसले. हात तसाच वर राहिला. पप्पाही त्यांच्याकडे बघत होते. हाक मारली असती तर रस्ता ओलांडून ऐकू गेली असती. मी दोघांच्या मध्ये बसले होते, आणि मलाही काही बोलता आलं नाही. एक बाई पिशव्या घेऊन धावत आली, तिला आत घेतलं, आणि जीप निघाली.