चेहरे उजळणारा शिवमूर्ती

लातुरात हुशार होणं सोपं आहे, सावळं राहणं अवघड. आमच्या क्लासच्या फ्लेक्सवर आजवर एकही काळं पोर झळकलेलं नाही. अहमदपूरच्या उन्हात सोयाबीन काढून आलेला मुलगासुद्धा निकालाच्या दिवशी दुधात बुडवून काढल्यासारखा दिसतो, आणि हे पुण्य शिवमूर्तीचं. मी तिथं रसायनशास्त्र शिकवतो. गोरं होण्याची इतकी जलद अभिक्रिया मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

शिवमूर्ती मूळचा औशाचा. भूकंपाआधी लग्नांचं शूटिंग करायचा. नवरीच्या डोक्याभोवती फिरणारी फुलं, बदामाच्या आकारात नवरदेव, हे सगळे गुन्हे त्याच्या नावावर आहेत. पुढे लातुरात क्लासचं पीक आलं, आमचे मालक वसंतराव सर व्हिडिओवर शिकवू लागले, आणि लग्नवाला शिवमूर्ती 'टेक्निकल हेड' झाला. इंटरनेटवर वाचून वाचून त्यानं पन्नाशीला टेकताना स्वतःची प्रणाली उभी केली. भेटेल त्याला चहा पाजून तो ती समजावून सांगायचा.

व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस चित्रं, त्यातलं एकेक म्हणजे फ्रेम. फ्रेम हा एक डबा. आत चित्र, झाकणावर चिठ्ठी: कितव्या क्षणाचं, केवढं, कुठून आलं. डबा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो. एक टेबल चेहरा शोधतं, दुसरं डाग पुसून तो उजळतं, तिसरं खाली क्लासच्या नावाची पट्टी लावतं. कधी एकच डबा दोन वाटांना लागतो. म्हणून मूळ नियम असा, की ज्याला चित्रात खाडाखोड करायची आहे त्यानं आधी वेगळी प्रत काढायची, कारण त्याच डब्याची दुसरं कुणी वाट बघत असतं. पण प्रती काढण्यात मशीन मंदावायचं आणि सर चिडायचे. शिवमूर्तीनं तो नियमच उपटून टाकला. वेग वाढला म्हणून सरांनी भर कार्यक्रमात त्याला शाल घातली.

मग धोंडाबाई आली. तिचं गाव औसा तालुक्यातलं, त्र्याण्णवच्या भूकंपात भुईसपाट झालेलं. लग्नाला चार महिने झालेली तिची मुलगी सिंधू तेव्हा माहेरी आली होती, ती त्यात गेली. घराबरोबर तिचे फोटोही गेले. सव्वीस वर्षांनी व्याह्यांच्या ट्रंकेत लग्नाची कॅसेट निघाली, आणि खोक्यावर शिवमूर्तीचं नाव होतं. त्यानं फीत बघितली, तर तिच्यावर बुरशी चढलेली. एकदाच फिरेल, दुसऱ्यांदा तुटेल, म्हणाला.

"येकदा बास झालं," धोंडाबाई म्हणाली. "तोंड इसरत चाललंय मला तिचं."

असली फीत वाचणारं मशीन क्लासमध्येच होतं. सरांनी परवानगी दिली, पण दोन मिनिटांचं चित्रण जाहिरातीला द्यायच्या अटीवर. 'भूकंपातून उठलेलं लातूर' असं काहीतरी त्यांना सुचलं होतं. दुसऱ्याच्या दुःखातून प्रवेश कसे वाढवावेत हे सरांकडून शिकावं. शिवमूर्तीनं मग दोन वाटा केल्या. एक धोंडाबाईसाठी, फीत जशीच्या तशी साठवणारी, आणि दुसरी जाहिरातीच्या टेबलांवरून जाणारी; त्यातली दोन मिनिटं सर नंतर निवडणार होते. फीत पूर्ण फिरली आणि शेवटाला तुटली. साठवलेलं उघडून बघायची गरज त्याला वाटली नाही. पालकांचा क्लासवर असतो तसा त्याचा स्वतःच्या प्रणालीवर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी धोंडाबाईला पडद्यासमोर बसवलं. मीही तास सोडून गेलो. मांडव दिसला, आणि मांडवात एकजात गोरीपान माणसं. सत्तरीची म्हातारीसुद्धा गुळगुळीत. खाली पट्टी: 'प्रवेश सुरू, जागा मर्यादित.' शिवमूर्तीचा चेहरा पडला. दोन्ही वाटा एकाच डब्यावर चालल्या होत्या, आणि उजळणारं टेबल आधी पोचलं होतं.

नवरी समोर आली.

"ही कोण?" धोंडाबाईनं विचारलं.

मग तीच म्हणाली, "माझ्या सिंधूच्या भिवईवर खोक हुती. इळा लागला हुता. आन रंगानं माझ्यावानी."

तेवढ्यात सर डोकावले, चित्र लख्ख आलंय म्हणाले आणि गेले. मला संताप आला. नोकरी त्यांचीच असल्यानं तो गिळला.

शिवमूर्ती हात जोडून सांगू लागला की मावशी, चूक माझी हाय, मी प्रत काढली न्हाई. ती ऐकत नव्हती, पडद्याकडेच बघत होती. पाठवणी आली. नवरी जीपकडे निघाली, कॅमेऱ्याकडे पाठ करून. चेहरा न दिसल्यानं उजळणाऱ्या टेबलानं इथं हात लावलेला नव्हता. सैल झालेली वेणी, हळद लागलेली सावळी मान.

"थांबव," धोंडाबाई म्हणाली. "ही हाय माझी."

शिवमूर्तीनं चित्र थांबवलं. ती उठून पडद्यापाशी गेली, खालची पट्टी तळहातानं झाकली आणि लेक आता वळून बघेल म्हणून तशीच उभी राहिली.

पुढच्या क्षणाला सिंधू खरंच वळणार होती, त्याच गोऱ्यापान तोंडानं. शिवमूर्तीनं बटणावरचा हात काढून घेतला.