पाठ केलेली इंग्रजी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही मला धड कळत नाही.

संगमनेरजवळच्या मुलींच्या निवासी मदरशात मी अरबी आणि इंग्रजी शिकवते. मुली मला आपा म्हणतात. कुराण तोंडपाठ करणाऱ्या मुली या. पानभर मजकूर दिला की दुपारपर्यंत घडाघडा म्हणून दाखवतात. अरबीत त्यात लपवाछपवी नसते — अर्थ पुढे शिकायचा असतो, नुसत्या पठणालाही मोल असतं, हे सगळे जाणतात. पण इंग्रजीत? तिथंही मी तेच केलं, आणि वर त्याला बोलणं म्हटलं.

वार्षिक जलशात — आमच्या स्नेहसंमेलनात — विश्वस्तांना मुलींची इंग्रजी ऐकायची असायची. शिकवायला तास द्या म्हटलं की मात्र सगळे गप्प. चीड येते मला त्यांची — आणि त्याहून जास्त माझी. मी भाषणं पाठ करून घ्यायचे. पाहुण्यांनी काय विचारायचं, तेही मीच आधी सांगून ठेवायचे. माझ्या वर्गातल्या रुखसारनं एका जलशात अशीच फटाफट उत्तरं दिली, आणि राहात्याहून आलेल्या तिच्या वडिलांनी चारचौघांत डोळे पुसले. तेव्हाच त्यांना बाजूला घेऊन सांगायला नको होतं का? पण वाहवा माझीही होत होती ना.

बारावीनंतर ते तिला नर्सिंगच्या प्रवेशासाठी सावेडीला घेऊन गेले. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी इंग्रजीत साधंच विचारलं — घरी कोण कोण असतं? रुखसारनं शिक्षणाच्या महत्त्वावरचं भाषण सुरू केलं. त्यांनी मध्येच थांबवलं, तर तिनं पुन्हा पहिल्यापासून धरलं. पाठांतराची सवय — दुसरं काय?

प्रवेश मिळाला नाही. वडील तिला घेऊन थेट माझ्याकडे आले.

"आपा, जलशात तर लई फाडफाड बोलली हुती. तिथंच काय झालं हिला?"

एवढंच म्हणायचं होतं — मी तिला शिकवलंच नाही. जीभ रेटेना. अभ्यास कमी पडला तिचा, असं मी म्हणाले. रुखसार माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं. मग मान खाली घालून म्हणाली, "व्हय अब्बा. माझंच चुकलं."

वडिलांनी तिचं शिक्षण थांबवलं. थोड्याच दिवसांत लग्न ठरलं. दावत मलाही होती. मी गेले, जेवले, रुखसारच्या डोक्यावर हात ठेवून दुआ दिली — आणि तिचे वडील शेजारीच उभे असताना गप्प राहिले.