साडेसात फेरे

आमच्या संग्रहालयात जहाजावरचं एक घड्याळ आहे. शंभर वर्षांपूर्वी बर्फाच्या मोहिमेवर जाऊन आलेलं, लाकडी पेटीतलं. पाटीवर लिहिलंय, 'तेव्हापासून एकदाही थांबलेलं नाही.' त्याला रोज सकाळी आठला चावी देतात त्या आमच्या चावीमावशी. सुट्टी असो, ताप असो, मावशी हजर. साडेसात फेरे, मोठ्याने मोजून. आठवा दिला तर आतली साखळी तुटेल, असं त्यांना आधीच्या चावीवाल्या आजोबांनी शिकवलेलं. मी तिकीट खिडकीवर बसते. सत्तावीस वर्षं त्यांचं "आणि अर्धा" ऐकलं की मी खिडकी उघडते.

मोहिमेच्या शताब्दीआधी साहेबांनी फर्मान काढलं. समारंभात मावशींनी सगळ्यांसमोर चावी द्यायची आणि माईकवर सांगायचं, "हे कधीच थांबलं नाही."

मावशींचं धाबं दणाणलं. डबा तसाच परत नेऊ लागल्या. फेरे मोजताना अडखळू लागल्या.

"मावशी, झालंय तरी काय?" मी खडसावलंच.

तेव्हा बोलल्या. एकोणीस वर्षांपूर्वी, मी रजेवर असताना, त्यांची लेक तीन दिवस दवाखान्यात होती. घड्याळाला चावी दोनच दिवस पुरते. चौथ्या दिवशी आल्या तर पेटी गप्प. त्यांनी चावी दिली, पेटी हलकेच फिरवून टिकटिक सुरू केली, काटे माझ्या खिडकीतल्या घड्याळावरून लावले आणि चावीच्या वहीत तिन्ही दिवसांच्या सह्या ठोकल्या. माझं घड्याळ चार मिनिटं पुढे असतं, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

"साहेबांनी कामावरून काढलं तर काढू देत. पण आजोबा पहिल्या रांगेत बसणार गं. त्यांनी विश्वासाने चावी हातात दिली होती."

"मग बोलूच नका. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"एकोणीस वर्षं झाकलीय. हात दुखायला लागला."

समारंभाला सभागृह खच्चून भरलं होतं. मावशींची चावी पेटीवर खडखडली. साडेसात फेरे झाले. माईक तोंडाशी आला.

"हे माझ्या हातून एकदा थांबलंय," मावशी म्हणाल्या. "वहीतल्या सह्या खोट्या आहेत."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मावशी साहेबांकडे पाहतच नव्हत्या, आजोबांकडे पाहत होत्या.

आजोबा काठी टेकत उठले. त्यांना उठायला फार वेळ लागला.

"माझ्या हातून तीनदा," ते म्हणाले.