श्रीपादरावांचं कडं

सदुसष्टच्या कोयनेच्या भूकंपात चिंचवडच्या श्रीपादरावांच्या घराचं एक कौलही हललं नाही. हलले ते श्रीपादराव, आणि ते कायमचे. त्यानंतर दाराशी ट्रक थांबला तरी ते आधी अंगणात जात आणि मग चपला शोधत.

त्यात एका व्याख्यानात त्यांच्या कानावर आलं, की काही ज्वालामुखींच्या पोटात बारीक भूकंप होतात. त्यांच्या जागा नकाशावर मांडल्या की एक कडं उमटतं आणि कड्याच्या आतली जमीन खचलेली असते. आपला दख्खन तर सगळा लाव्ह्याचाच. श्रीपादराव कारखान्यात ड्राफ्ट्समन. घरी येऊन त्यांनी गावाचा नकाशा काढला आणि लोकांना विचारत सुटले. जिथे हादरा जाणवला तिथे तांबडा ठिपका, शेजारी वार.

गॅरेजवाला बरकत म्हणाला, "राव, आमचे पाने खिळ्यावर नाचतात. लावा एक ठिपका आमच्या नावाचा."

दिवाळीपर्यंत कडं पुरं झालं. बरोबर मधोमध, जिथे एकही ठिपका नव्हता, तिथे त्यांचं घर. श्रीपादरावांनी बायकोला हाक मारली.

"शुभदा, आपण झाकणावर बसलोय. इथे काहीच हलत नाही, तेच वाईट."

स्वतः आखून बांधलेलं घर सोडायचं ठरलं. सामान भरायला ट्रंक बाहेर निघाली. कपबश्या गुंडाळायला शुभदाताईंनी नेमका तोच नकाशा उचलला आणि थबकल्या.

"अहो, यात गुरुवार कुठेच नाही. ज्वालामुखीलाही सुट्टी असते का?"

श्रीपादराव मटकन ट्रंकेवर बसले. गुरुवारी कारखाने बंद. म्हणजे घरामागच्या शेडमधला, लोखंड ठोकणारा तो अजस्र हॅमर! शेजारच्यांना त्याची सवय झालेली, लांबच्यांपर्यंत तो पोचत नव्हता. मधल्या नव्या वस्त्या तेवढ्या दचकत होत्या. इतके दिवस त्यांनी त्या दचकण्याचा नकाशा काढला होता.

ट्रंक रिकामी झाली. बरकतने आठवडाभर 'ज्वालामुखीवाले' म्हणून हाक मारली, तीही त्यांनी गोड मानून घेतली.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी शेड गप्प होती. दोघं चहा घेत होते. मांडणीवरचे पेले किणकिणले, जरा थांबले, पुन्हा किणकिणले.

"ओव्हरटाइम असेल," श्रीपादराव म्हणाले.

"असेल," शुभदाताई म्हणाल्या आणि ट्रंकेकडे बघत राहिल्या.

तो ठिपका काही त्यांनी लावला नाही. शुक्रवारी सकाळी हॅमर धाडधाड पडायला लागला, तेव्हा कुठे दोघांचा डोळा लागला.